मदत हवी आहे: सोडा एकच, पण दोन इंडिकेटरला दोन रिडिंग

नमस्कार मंडळी,

एफवायबीएस्सी, मुंबई. टायट्रेशन करून सोडियम हायड्रॉक्साइडचं (कॉस्टिक सोडा, पुढे नुसता सोडा) कॉन्सन्ट्रेशन काढायचंय. लिटरला ४ ग्रॅम घातलं, म्हणजे कागदावर ०.१ एन (नॉर्मॅलिटी). फ्लास्कमध्ये १० मिली सोडा, ब्युरेटमध्ये ०.१ एन एचसीएल, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड (ते तपासून घेतलेलं आहे, तिथे शंका नको). फिनॉल्फ्थॅलिन इंडिकेटरचा गुलाबी रंग ९.१ मिलीला जातो, मिथाइल ऑरेंजला ९.५ लागतात. सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रिडिंग, परत परत तेच येणारं) दोन्हीकडे पक्का. जर्नलमध्ये कुठलं लिहू? बॅचमधले निम्मे १०.० लिहून मोकळे झालेत, पण व्हायवाला कोण निस्तरणार?

— पिपेटचा शेवटचा थेंब फुंकत असशील.

— नाही हो. आणि तसं असतं तर दोन्ही रिडिंग सारखीच बिघडली असती.

— बरोबर. सोड्याची बाटली कशी होती?

— झाकण सैल होतं. बाहेर धो धो पाऊस, लॅबच्या खिडक्या उघड्या. वजन होईपर्यंत पेलेट्स चकचकीत ओल्या होऊन वॉच ग्लासला चिकटल्या.

— मग ते ४ ग्रॅम विसर, त्यात पाणीही मोजलं गेलंय. पण पाण्यामुळे दोन रिडिंगमध्ये फरक पडत नाही. तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा प्रताप. थोड्या सोड्याचं कार्बोनेट झालंय. फिनॉल्फ्थॅलिनचा रंग पीएच ८.३ च्या सुमारास जातो, तेव्हा कार्बोनेट बायकार्बोनेटपर्यंतच आलेलं असतं, निम्म्या वाटेवर. मिथाइल ऑरेंज ४ च्या आसपास बदलतं, तोवर सगळं संपतं. तुझा ०.४ मिलीचा फरक म्हणजे ती उरलेली अर्धी वाट. कार्बोनेटला एकूण ०.८ लागले, ते ९.५ मधून काढ: ८.७. म्हणजे खरा सोडा ०.०८७ एन, एकूण अल्कली ०.०९५. दोन्ही लिही, एक्स्टर्नल परीक्षक खूश होतील.

पुढच्या वेळी आधी सोड्याचं ५० टक्क्यांचं दाट द्रावण कर. त्यात कार्बोनेट विरघळत नाही, तळाला बसतं. वरचं नितळ तेवढं उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये पातळ करायचं. ठेवायचं प्लॅस्टिकच्या बाटलीत, काचेचं बूच सोड्याने जाम होतं. नॉर्मॅलिटी मात्र वजनावरून नाही, ऑक्झॅलिक ॲसिडशी टायट्रेट करूनच ठरव.

— लई भारी, आभार! एकच राहिलं: मिथाइल ऑरेंजचा पिवळ्याचा केशरी कधी झाला ते ट्यूबलाइटखाली धड कळत नाही.

— खाली पांढरी टाइल ठेव. शेजारी दुसऱ्या फ्लास्कमध्ये तेवढंच पाणी आणि इंडिकेटर घालून पिवळा रंग समोर ठेव. त्याच्याशी ताडून बघ, आणि शेवटी थेंब थेंब सोड.