मदत हवी आहे : स्ट्रीमलिटमध्ये चित्रावरील क्लिकचे स्थान पायथनपर्यंत कसे आणावे?

नमस्कार. मोडी कागदपत्रांच्या स्कॅनवर शब्दांच्या सीमा नोंदवण्यासाठी मी स्ट्रीमलिटमध्ये, म्हणजे पायथनमधून वेब अ‍ॅप बनवण्याच्या साधनात, एक अ‍ॅप तयार करत आहे. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जाण्याची पद्धत असल्यामुळे दोन शब्दांमध्ये सहसा जागा सुटत नाही, आणि शब्द कुठे संपला हे मोडी वाचणाऱ्या माणसालाच दाखवावे लागते. वाचकाने शब्दाच्या शेवटी क्लिक करावे आणि त्या बिंदूचे मूळ स्कॅनमधील स्थान पायथनला मिळावे, एवढीच गरज आहे.

चित्र दाखवण्याचे नेहमीचे फंक्शन, एसटी.इमेज, क्लिक कुठे झाला हे कळवत नाही. मार्कडाउनमधून एचटीएमएल दिल्यास त्यातली जावास्क्रिप्ट चालत नाही. कंपोनंट्स.एचटीएमएल वापरल्यास ती आयफ्रेममध्ये (पानातल्या स्वतंत्र चौकटीत) चालते, परंतु तो मार्ग एकेरी असल्याने आकडे पायथनकडे परत येत नाहीत. या कामाचे तयार पॅकेज उपलब्ध आहे. मात्र आमच्या सर्व्हरवर इंटरनेट नाही आणि नवे पॅकेज बसवण्याची परवानगीही नाही, त्यामुळे कृपया तो पर्याय सुचवू नये. एचटीएमएलमधला जुना इझमॅप (दुवा असलेल्या चित्रावरील क्लिकचे स्थान पत्त्याला जोडणारा गुणधर्म) जावास्क्रिप्टशिवाय स्थान पाठवतो खरा, पण त्यासाठी पान नव्याने उघडते आणि सेशन स्टेटमध्ये (चालू सत्रापुरत्या साठ्यात) साठवलेले सगळे बिंदू जातात.

म्हणून सध्या मी डिक्लेअर कंपोनंटला (स्वतः तयार केलेला घटक, म्हणजे कंपोनंट, जोडण्याच्या स्ट्रीमलिटच्या फंक्शनला) स्थानिक फोल्डरचा पाथ दिला आहे आणि त्यातील एकाच एचटीएमएल फाइलमधून पोस्टमेसेजने स्थान पाठवत आहे. क्लिकचे स्थान, गुणिले चित्राची मूळ रुंदी, भागिले पडद्यावरची रुंदी, हा हिशेब बरोबर येतो : २४०० पिक्सेलचा स्कॅन ८०० पिक्सेलमध्ये दिसत असताना ३१० वर केलेला क्लिक मूळ चित्रात ९३० वर पडतो. ब्राउझरमध्ये झूम केले तरी हे गुणोत्तर बिघडत नाही.

खरा प्रश्न पुढचा आहे. स्ट्रीमलिट प्रत्येक कृतीनंतर संपूर्ण स्क्रिप्ट पुन्हा चालवते आणि कंपोनंट आपले शेवटचे मूल्यच परत देतो. त्यामुळे वाचकाने दुसरे कोणतेही बटण दाबले तरी जुना बिंदू यादीत पुन्हा जमा होतो. आधीच्या स्थानाशी तुलना करून तो गाळला, तर चुकीने पुसलेला बिंदू त्याच जागी परत देता येत नाही. स्थानासोबत क्लिकची वेळ पाठवून ती सेशन स्टेटमध्ये ताडून पाहणे हा उपाय मला सुचतो, पण तो पुरेसा भरवशाचा आहे का?

दुसरे असे, की नोंदवलेले बिंदू चित्रावर दिसावेत म्हणून मी प्रत्येक वेळी संपूर्ण स्कॅन बेस६४ (चित्राचे मजकुरात रूपांतर) करून कंपोनंटकडे पाठवतो आणि मोठ्या स्कॅनला त्यात जाणवण्याइतका उशीर होतो. कंपोनंटला ठरावीक ‘की’ (ओळखनाव) दिल्यामुळे आयफ्रेम नव्याने तयार होत नाही, परंतु चित्राचा भार तेवढाच राहतो. स्टॅटिक फोल्डरमधील स्कॅनचा केवळ पत्ता पाठवून आयफ्रेमनेच तो उघडावा, अशी रचना कोणी प्रत्यक्ष वापरली आहे का? विशेषतः अ‍ॅप प्रॉक्सीमागे (मधल्या सर्व्हरमागे) उपपत्त्यावर चालत असताना हा पत्ता कसा बांधावा, हे कृपया सांगावे.