विषय: मुलांच्या वर्गात ‘जागतिक नागरिकत्व’ – संस्थेला बोलवावं का?

सप्रेम नमस्कार मंडळी,

मुलांच्या वर्गात यंदा जागतिक नागरिकत्व, म्हणजे जगातले प्रश्न आपलेही आहेत असं समजून वागणं, हा विषय घ्यायचं घाटतंय. एका स्वयंसेवी संस्थेची माणसं तासभर बोलायला तयार आहेत. शेवटी मुलांकडून थोडा निधी गोळा करावा, असंही त्यांनी सुचवलंय. जाणत्यांनी मत कळवावं.

– वर्ग संयोजक

---

ताई, नमस्कार.

संस्थेला जरूर बोलवा, पण निधीची पेटी त्या दिवशी ठेवू नका.

या विषयात संस्थांचं ऋण मोठं आहे. आंतरराष्ट्रीय सामंजस्याच्या शिक्षणाबद्दलची युनेस्कोची शिफारस १९७४ची. पण उद्या सकाळी वर्गात काय घ्यायचं, हे शिफारशीतून कळत नाही. ते दाखवलं संस्थांनी. गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या ऑक्सफॅम या संस्थेने १९९७ मध्येच ब्रिटनमधल्या शिक्षकांसाठी जागतिक नागरिकत्वाच्या अभ्यासक्रमाचा आराखडा काढला. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत (४.७) हा शब्द आला तो २०१५ मध्ये. मी शिकवत होतो तेव्हा अशा संस्थांचे नमुना-धडेच माझ्या हाताशी असायचे.

अडचण अशी, की याच संस्थांना देणग्याही मागाव्या लागतात. आवाहनातलं मूल बहुधा एकटं, उपाशी, कॅमेऱ्याकडे टक लावून बघणारं. व्हीएसओ या ब्रिटिश संस्थेच्या २००२च्या अहवालात ८० टक्के ब्रिटिश लोकांच्या मनात विकसनशील जग म्हणजे दुष्काळ, आपत्ती आणि पाश्चात्त्यांची मदत, हेच चित्र घट्ट बसलेलं आढळलं. इथिओपियातल्या दुष्काळासाठी निधी जमवणारा, टीव्हीवर दाखवलेला ‘लाइव्ह एड’ हा १९८५चा संगीत कार्यक्रम होऊन तेव्हा सोळा-सतरा वर्षं झाली होती! एका दुपारी पाहिलेलं चित्र किती खोल रुजतं, हे माझ्या मनातून जात नाही.

आवाहनाचं तसं पत्रक दाखवलं की मुलं विचारतात, “आपण किती द्यायचे?” धडा नीट रंगला तर विचारतात, “त्यांच्यावर ही वेळ का आली?” दुसऱ्या प्रश्नासाठीच तर हा सगळा खटाटोप. शिक्षणाच्या अभ्यासक व्हेनेसा आंद्रेओत्ती यांनी २००६ मध्ये हाच भेद मांडला: एकीकडे दयेपोटी केलेली मदत, दुसरीकडे अन्यायाची कारणं आणि त्यातला आपला वाटा ओळखणं. पेटी समोर आली की मुलं पहिल्याच प्रश्नापाशी थांबतात.

पाहुण्यांकडून छायाचित्रं आधी मागवून घ्या. युरोपातल्या संस्थांच्या कॉनकॉर्ड या महासंघाने २००६ मध्ये चित्रं आणि संदेशांसाठी आचारसंहिता स्वीकारली आहे. दाखवलेल्या माणसांचा सन्मान आणि त्यांची संमती हा तिचा गाभा. ती पाहुण्यांना ठाऊक असेल, तर बोलणं सोपं जाईल.

आणि पाहुणे गेल्यावर पुढचे दोन तास आपल्याच शिक्षकांनी घ्यावेत. संस्थांचे प्रकल्प अनुदानावर चालतात, ते आटलं की थांबतात.

– एक निवृत्त शिक्षक

---

काका, मनापासून आभार. निधीचं पाहुण्यांना आजच कळवलं, त्यांनी लगेच मान्य केलं. छायाचित्रं आली की यादीवर पाठवते. पुढच्या दोन तासांपैकी पहिला तुम्ही घ्याल का?