वावरातल्या विहिरीत दगडाचे शंख निघाले, म्हणजे इथं समुद्र होता का?

धुऱ्यावरचा_बाभूळ (समुद्रपूर तालुका, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी, पयल्यांदाच लिहून रायलो, चुकलं त सांभाळून घ्या.

आमच्या वावरात यंदा विहिरीचं काम चालू हाये. वर काळी माती, मंग मुरूम, मंग काळा फत्तर लागला म्हून ब्लास्टिंग केलं. पस्तीस फुटाच्या आसपास फत्तर संपला अन् हातभर जाडीचा पांढुरका-राखाडी थर लागला, कुठी मातीवाणी मऊ त कुठी गारगोटीवाणी टणक. त्याच्या खाली पुन्हा काळा फत्तरच. यारीनं तो माल वर आला त त्याच्यात शंख निघाले, पूर्ण दगडाचे. सगळ्यात मोठा अंगठ्याच्या दोन पेरांएवढा. एक मधातून फुटला, त्याच्या आत साखरेच्या दाण्यावाणी बारीक खडे चमकतात. मजूर म्हणे देवाचे हायेत, घरी नेऊ नका.

आमचे आबाजी म्हणतात इथं पयले समुद्र होता, म्हून त तालुक्याचं नाव समुद्रपूर. पोरगी दहावीत हाये, ती म्हणते आपल्याकडे सगळा लाव्हाचा दगड, इथं समुद्र कुठून आला. मले दोघांचंही पटते अन् दोघांचंही पटत नाई. शंख त हातात हाये ना.

त प्रश्न असा की दगडाच्या शंखावरून पयले इथं काय होतं हे ठरवतात कसं? तो इथंच जगला का दुसरीकडून वाहून आला हे कसं कळते? अन् असा प्राणी कुठकुठपर्यंत होता हे कोणी मोजलं हाये का?

दहा-बारा वर्षाआधी दोघं जण आमच्या बाजूच्या नाल्यातून असेच दगड पोतंभर घेऊन गेले होते, अभ्यास करतो म्हणे. माझ्या बापानं त्यायले चहा पाजला, दोन दिवस सोबत फिरला. नंतर एक चिठ्ठी नाई का फोन नाई. बाप मरेपर्यंत विचारत होता त्या दगडाचं काय झालं म्हणून. म्हून यंदा ठरवलं, आधी आपण समजून घ्यायचं, मंग कोणाले द्यायचं ते पाहू.

---

वणीकर_७२

समुद्रच असणार भाऊ. लहानपणापासून ऐकतो आपण. शंख काय विहिरीत थोडीच तयार होतात.

---

भूगोलाचे_सर (निवृत्त, हिंगणघाट)

शंख म्हटलं की समुद्र हे डोक्यातून काढा आधी. धानाच्या बांधीत, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठाला, वर्धा नदीच्या रेतीत शंख-शिंपले नसतात का? गोड्या पाण्यातले वेगळे आणि खाऱ्या पाण्यातले वेगळे, आणि तोच तर सगळा मुद्दा आहे, की कोणता प्राणी आहे ते ओळखलं की पाणी कोणतं ते कळतं.

आता एक काम करा. शंखाचं टोक वर धरा आणि उघडं तोंड तुमच्याकडे करा. तोंड उजवीकडे येतं का डावीकडे ते बघा. बहुतेक शंखांचं उजवीकडे येतं. तुमच्याकडचं डावीकडे आलं तर तो जवळजवळ नक्की फायसा जातीचा, त्याला फायसा प्रिन्सेपी म्हणत आलेत, आणि आपल्या भागातल्या अशा थरांमधला तो सगळ्यात ओळखीचा शंख. फायसा गोड्या पाण्यातला. आजचे फायसा नखाएवढे असतात, त्या काळचे चांगले बोटभर व्हायचे.

तुमची मुलगी बरोबर आहे आणि शंखही खरा आहे, दोन्ही एकाच वेळी. लाव्हा एकदाच आला नाही. एक थर आला, थंड झाला, मग बरीच वर्षं शांतता. त्या काळात खोलगट जागी तळी साचली, माती झाली, झाडं आली, तळ्यात शंख आले. मग पुन्हा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेला. दोन भाकरींच्या मधात झुणका असावा तसा तो तुमचा हातभर थर. इंग्रजीत इंटरट्रॅपियन म्हणतात. वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. ते आतले साखरेसारखे खडे म्हणजे सिलिका, दगडातून विरघळून पाण्याबरोबर आली आणि शंखाच्या पोकळीत बसली.

नागपूरला टाकळीला असेच शंख, बिया, किडे 1850 च्या दशकात स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केले होते, नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं तेच. हा शंख नागपूर, वर्धा, छिंदवाडा, तेलंगणापर्यंत सापडलेला आहे. पण म्हणून एवढं मोठं एकच पाणी होतं असं नाही. सापडलेल्या जागा नकाशावर मांडल्या तर एकेक ठिपका म्हणजे एकेक तळं.

आणि गावाच्या नावावरून भूशास्त्र ठरवू नका. नाव माणसांनी ठेवलं, माणसं कालची.

---

वणीकर_७२

सर हे पटलं. डावा-उजवा प्रकार माहीत नव्हता.

---

कोळशातली_मुलगी (एमएस्सी जिऑलॉजी, नागपूर)

सरांशी सहमत, पण वणीकर दादांची बाजूही एकदम टाकून देऊ नका, कारण छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली म्हणून गाव आहे, तिथल्या अशाच इंटरट्रॅपियन थरात समुद्रात तरंगणाऱ्या एकपेशीय जीवांची कवचं मिळालीत, रेतीच्या कणाएवढी, फोरामिनिफेरा म्हणतात त्यांना. 2009 मध्ये ते छापून आलं. त्यावरून काही संशोधकांनी मांडलं की समुद्राचा एक फाटा मध्य भारतात आतपर्यंत आला असावा. त्याच जिल्ह्यातल्या मोहगाव कलानला निपा ताडाची फळं मिळालीत, आणि निपा आज सुंदरबनात, अंदमानात खाऱ्या-गोड्या मिश्र चिखलात वाढतो. म्हणजे समुद्र हा शब्द हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण तो झिलमिलीच्या थराचा पुरावा आहे, तुमच्या विहिरीचा नाही. तुमच्या विहिरीत तुमचे शंख बोलतील.

वाहून आला का इथंच जगला, हा प्रश्न खूप मोलाचा आहे, मला तर कॉलेजमध्ये हे दुसऱ्या वर्षी कळलं. 2022 च्या पुरात आमच्या मामाचं वासरू वाहून गेलं, तीन गावं सोडून सापडलं. उद्या ते तिथंच गाळात दबलं आणि कोणी लाख वर्षांनी खोदलं तर म्हणेल वासरू इथलंच. मग कसं ओळखायचं? शंख घासलेला, कडा झिजलेल्या, सगळे एकाच साइजचे एका बाजूला गोळा झालेले असतील तर पाण्यानं आणलेले. लहान पिल्लं आणि मोठे एकत्र असतील, पातळ ओठ शाबूत असेल तर तिथंच जगले, तिथंच मेले. शिंपला असेल तर दोन्ही पाकळ्या मिटलेल्या आहेत का बघा, मेल्यावर वाहून गेला की पाकळ्या सुटतात. झाडाचंही तेच, आडवं खोड कुठूनही आलं असेल, मुळांसकट उभं असेल तर ते झाड तिथलंच. सिरोंचाच्या वडधमला दगड झालेली खोडं आहेत, गेलात तर याच नजरेनं बघा.

आता पिसदुऱ्याचं सांगते, तुमच्यापासून लांब नाही, वरोरा तालुक्यात. तिथली माती लाव्हाच्याही आधीची, लमेटा म्हणतात. तिथं डायनासोरची हाडं आहेत, कासवाच्या पाठीचे तुकडे आहेत, आणि वाळलेल्या शेणाच्या गोळ्यांसारखे दगड. ते खरंच विष्ठेचे दगड आहेत. 2005 मध्ये त्यातले काही तपासले तर आत गवताच्या सिलिकाचे सूक्ष्म कण निघाले, पाच तरी प्रकारचे. तुम्ही गवत कापता तेव्हा पात्यानं बोट चिरतं ना, ती धार याच सिलिकामुळे. तोपर्यंत समज असा होता की डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच, ते नंतर आलं. त्याच गोळ्यांत ताड आणि सूचिपर्णी झाडांचे कणही होते. म्हणजे हाडं सांगतात प्राणी कोण, पण तो कुठं चरत होता, आजूबाजूला काय उगवत होतं, हे या गोळ्यांनी सांगितलं. हाताला येणारी सगळ्यात साधी वस्तू ती, आणि मला तर हाडापेक्षा तीच आवडते.

बाजूलाच डोंगरगावला एका मोठ्या डायनासोरचा सांगाडा निघाला, मान, पाठ, शेपटी, पुढचा पाय, सगळं एकाच प्राण्याचं, कवटी मात्र नाही. त्याचं नाव इसिसॉरस. एवढे भाग जवळजवळ मिळाले की समजायचं मेल्यावर तो फार लांब वाहून गेला नाही.

बाभूळ दादा, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. ते दगड नुसते नेले आणि कुठल्या थरातून, किती फुटांवरून हे लिहिलं नसेल तर अर्धी माहिती तिथंच गेली. म्हणून तुम्ही आत्ता हे करा: थराचा फोटो काढा, बाजूला फुटपट्टी किंवा कुदळ ठेवा, वरून किती फूट ते वहीत लिहा, आणि थरातले मऊ मातीचे दोन डबे भरून ठेवा, शंख नसले तरी. त्या मातीतच बारीक बिया, माशांचे दात, सूक्ष्म कवचं असतात. काम चालू असताना विहिरीत उतरू नका, ढिगाऱ्यातलं वेचा.

---

खाणीतला_गडी (बल्लारपूर)

मी कोळसा खाणीत सुपरवायजर होतो. कोळशाच्या वरच्या राखाडी दगडावर जिभेसारखी लांबट पानं दिसायची, ग्लॉसोप्टेरिस, मधात एक जाड शीर अन् बाजूनं जाळी. हे तुमच्या शंखापेक्षा लय जुनं, पंचवीस कोटी वर्षाच्या वर. हेच पान दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत अन् अंटार्क्टिकातसुद्धा. दक्षिण ध्रुवाहून परत येताना 1912 मध्ये इंग्रज शोधक स्कॉटच्या टोळीतले लोक मेले तरी त्यायनी दगडाचं ओझं सोडलं नव्हतं, सोळा किलोच्या आसपास, त्यात हीच पानं निघाली. एवढ्या दूरदूरच्या समुद्रापलीकडे एकच झाड असेल त ते देश तेव्हा जोडलेले असतील, हा विचार त्याच्यातूनच पुढं गेला. एक पान हातात घेतल्यावर आपला बल्लारपूर अंटार्क्टिकाचा शेजारी होता हे समजून अंगावर काटा येतो, अजूनही.

---

भूगोलाचे_सर

सुंदर. एक राहिलं, बाभूळराव. नकाशावर जिथं ठिपका नाही तिथं प्राणी नव्हता असं समजू नका. आपल्याकडे काळ्या मातीनं आणि फत्तरानं सगळं झाकलंय, नाला, रस्त्याची कटिंग, खाण किंवा विहीर असेल तिथंच थर दिसतो. आणि गिरडच्या टेकडीवरचे जायफळासारखे गोल गोटे माहीत असतीलच, व्यापाऱ्यांचा माल तिथल्या दर्ग्यातल्या फरीद बाबांच्या शापानं दगड झाला अशी कथा सांगतात. कथा आपल्या जागी राहू द्या, पण ते जीवाश्म नाहीत, लाव्हातल्या पोकळ्यांत तयार झालेली खनिजं आहेत. गोल दिसलं की जीवाश्म, हा घोटाळा पुष्कळांचा होतो.

---

धुऱ्यावरचा_बाभूळ

सगळ्यायले मनापासून धन्यवाद. काल संध्याकाळी पोरगी अन् मी ढिगाऱ्यावर बसलो टॉर्च घेऊन. पंचवीस शंख वेचले, पंचविसाही जणाचं तोंड डावीकडे. पोरगी एकेक उचलून "डावा, डावा" म्हणत होती. हरभऱ्याएवढे सात, बाकी मोठे, तीन शंखाचा ओठ कागदावाणी पातळ असूनही शाबूत. शिंपला एकच भेटला, दोन्ही पाकळ्या मिटलेल्या.

आबाजीले सांगितलं की समुद्र नाई, तळं होतं. ते जरा वेळ गप्प रायले, मंग म्हणे तळ्याच्या काठाले झाड कोणतं होतं ते विचार.

मातीचे दोन डबे भरले, वर फूट अन् तारीख लिहिली, 36 फूट. सोमवारी ब्लास्टिंग बंद हाये, तेव्हा ठेकेदाराच्या माणसाकडून थराचा फोटो काढून घेतो, कुदळ बाजूले ठेवून. ताई, डबे नागपूरले तुमच्या कॉलेजात आणले त चालतीन का? पण पावती पाहिजे, अन् काय निघालं ते आबाजीले फोनवर सांगाव लागन.

---

कोळशातली_मुलगी

नक्की आणा, आमच्या सरांशी बोलून दिवस कळवते. पावती मी स्वतः लिहून देईन, त्यावर गाव, 36 फूट आणि तुमच्या मुलीचं नाव असेल, वेचणारी म्हणून.