लेबलवरच्या खोट्या दाव्याची सेटलमेंट: क्लेम कोणी भरलाय का? (अमेरिका)

एडिसनकर
नमस्कार मंडळी. परवा एक मेल आली. २०१९ ते २०२३ या काळात अमुक कंपनीचे ग्रॅनोला बार घेतले असतील तर तुम्ही 'क्लास मेंबर' आहात, म्हणजे ज्या गिऱ्हाइकांच्या वतीने खटला भरलाय त्यांच्यापैकी एक, क्लेम भरा, पावती नसली तरी चालेल. वेष्टनावर 'ऑल नॅचरल' छापलं होतं आणि आत बरंच काही कारखान्यातलं निघालं, अशी मूळ तक्रार; आता त्यात तडजोड, म्हणजे सेटलमेंट, झालीय. मुलांच्या डब्यासाठी आम्ही ते बार खोक्यांनी आणायचो, हे खरंच. पण तेव्हाच्या पावत्या आता कुठून आणू? बायको म्हणते हा फ्रॉड आहे, लिंकला हात लावलास तर बघ. शिवाय मी एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर. कोर्टाच्या कागदात नाव आलं तर उद्या ग्रीन कार्डला आडवं येईल का? आणि मुळात मिळतात किती?

खारीबिस्कीट
एका वडापावचे. एडिसनमधल्या वडापावचे, दादरच्या नव्हे.

ओहायोची मावशी
खारी, गप रे जरा. एडिसनकर, मी आजवर असे सात-आठ क्लेम भरलेत, त्यातल्या पाचांचे पैसे आले.

वहिनींचं एक बरोबर आहे, मेलमधल्या लिंकवर जाऊ नका. नोटिशीत खटल्याचं नाव, नंबर आणि कोर्ट दिलेलं असतं. ते स्वतः टाइप करून शोधा. खटला खरा असेल तर कोर्टाच्या नोंदीत सापडतो, नाहीतर क्लार्कच्या ऑफिसात फोन करून विचारता येतं. क्लेम भरायला कोणी एक डॉलर जरी मागितला तर तिथूनच परत फिरा. खऱ्या सेटलमेंटमध्ये फी नसते. ग्रॅनोला बारच्या क्लेमला सोशल सिक्युरिटी नंबरही लागत नाही.

फॉर्म पाच मिनिटांचा असतो. नाव, पत्ता, कुठला फ्लेवर, साधारण किती खोकी, कोणत्या दुकानातून, पैसे चेकने हवेत की झेल, व्हेन्मो अशा पैसे पाठवायच्या अ‍ॅपवर. सगळ्यात खाली एक चौकोन असतो, 'पेनल्टी ऑफ पर्ज्युरी'वाला. म्हणजे वर लिहिलंय ते शपथेवर खरं. लोक त्यावर न वाचता टिचकी मारतात. पावती मागत नाहीत म्हणून काहीही आकडा ठोकायचा नाही, आठवतं तेवढंच लिहायचं. घाऊक दुकानाची मेंबरशिप असेल तर तुमच्या खात्यात जुनी खरेदी दिसते का बघा. पावती सापडली तर बरेचदा रक्कम वाढते. नेकेड ज्यूसची २०१३ ची सेटलमेंट ९० लाख डॉलरची होती, तीही 'ऑल नॅचरल'वरूनच. पावतीशिवाय ४५ डॉलरपर्यंत, पावती असेल तर ७५ पर्यंत. कॅनडा ड्राय या आल्याच्या सोड्याच्या 'मेड फ्रॉम रिअल जिंजर'मध्ये हाच फरक ५.२० आणि ४० डॉलरचा होता.

नाना_पर्सिपनी
व्हिसाबद्दल. तुम्ही खटला भरत नाही आहात, तो दुसऱ्याच कोणी भरलाय. तुम्ही फक्त त्या वस्तूचं गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला नागरिकत्व विचारत नाहीत आणि ही काही सरकारी मदतही नव्हे. शपथेवर खोटं लिहिलंत तर मात्र ते कुठल्याही व्हिसाला वाईटच. तरी झोप लागत नसेल तर इमिग्रेशन वकिलाला एक ओळ टाका.

अजून एक. काहीच केलं नाही तरी तुम्ही त्या क्लासमध्ये असताच. म्हणजे पैसे नाहीत आणि याच तक्रारीसाठी पुढे वेगळा दावा करायचा हक्कही गेला. तो हक्क राखायचा तर मुदतीत 'ऑप्ट आउट' करावं लागतं, म्हणजे मला यातून वगळा असं कळवावं लागतं. पाच डॉलरच्या बारसाठी ते कोण करणार म्हणा.

खारीबिस्कीट
माझं गणित चुकलेलं नाही हो. नोटिशीतली रक्कम आणि हातात येणारी रक्कम यात फरक पडतो. रेड बुलची २०१४ ची सेटलमेंट १.३ कोटी डॉलरची, माणशी १० डॉलर रोख किंवा १५ डॉलरचा माल. बातमी सगळीकडे पसरली, क्लेमचा पाऊस पडला आणि वाटणी घसरली. एकूण भांडं ठरलेलं असलं की पंगतीत माणसं वाढली तसं वाढप कमी होणारच. न्यूटेलाच्या २०१२ च्या सेटलमेंटमध्ये बरणीमागे ४ डॉलर, तेही पाच बरण्यांपर्यंतच.

सांडगी मिरची
मला तर हा सगळा वकिलांचा धंदा वाटतो. सबवेच्या फुटभर सँडविचचं आठवतंय का? त्यातला ब्रेड एक इंच कमी भरतो म्हणून दावे झाले. तडजोडीत गिऱ्हाइकाला एक पैसा नाही, कंपनी ब्रेड मोजून बघणार एवढंच वचन आणि वकिलांना ५,२०,००० डॉलर! २०१७ मध्ये शिकागोच्या अपील कोर्टाने ती तडजोड उधळून लावली.

ओहायोची मावशी
उधळली ना? मग झालं तर. आणि नेकेडने बाटलीवरून 'ऑल नॅचरल' काढायचं कबूल केलं, ते या दाव्यामुळेच. वकील फुकट काम करत नाहीत हे मान्य.

कोथरूडकरीण
आपल्याकडे असं काही असतं का? इथल्या 'मल्टिग्रेन' पावाच्या मागचं बारीक अक्षर वाचलं तर पहिलाच घटक मैदा.

नाना_पर्सिपनी
ताई, घरबसल्या फॉर्म भरून पैसे, असं तिकडे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनेक ग्राहकांनी मिळून तक्रार करायची सोय आहे, पण फारसं कोणी वापरत नाही. मोठं उदाहरण मॅगीचं. 'नो अ‍ॅडेड एमएसजी', म्हणजे वरून अजिनोमोटो घातलेला नाही, या लेबलवरूनही वाद होता. केंद्र सरकारने २०१५ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे जवळपास ६४० कोटी मागितले आणि एप्रिल २०२४ मध्ये आयोगाने ती तक्रार फेटाळली.

एकट्याने लढलेलं मात्र फळतं कधीकधी. तमिळनाडूत एकाने वेष्टनावर १६ बिस्किटं लिहून आत १५ निघाली म्हणून तक्रार केली. २०२३ मध्ये तिरुवल्लूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाने कंपनीला १ लाख भरपाई द्यायला लावली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगात तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करून बघा. बिल आणि पावाचं वेष्टन दोन्ही जपून ठेवा, नुसता फोटो काढून पिशवी कचऱ्यात टाकू नका.

ओहायोची मावशी
एडिसनकर, राहिलंच. क्लेम भरल्यावर जो नंबर येतो त्याचा स्क्रीनशॉट घ्या. शेवटच्या सुनावणीनंतर कोणी अपील केलं तर पैसे यायला वर्ष सहज निघून जातं. पैसे व्हर्च्युअल कार्डाने, म्हणजे मेलवर येणाऱ्या कार्डाने, येणार असतील तर ती मेल स्पॅममध्ये जाऊन बसते आणि कार्डाची मुदत संपते. माझे दोन असेच बुडाले.

एडिसनकर
सर्वांचे आभार. खटला कोर्टाच्या नोंदीत सापडला, मग बायको शेजारी खुर्ची ओढून बसली. मी बारा खोकी म्हणत होतो. ती म्हणाली, "दोन माझ्या आईने पाठवलेल्या चिवड्याची होती, एक शाळेच्या सेलला दिलं." नऊ लिहिली.