शब्दचर्चा: 'हेमाडपंती' की 'हेमाडपंथी'? आणि देवळाच्या भागांची नावं

सिन्नरफाटा

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळातर्फे शाळेतल्या मुलांना सिन्नरचं गोंदेश्वर दाखवायला नेतोय. हातात द्यायला एक पानी माहितीपत्रक करायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत गाडी अडकली. एकानं लिहिलं, 'हेमाडपंथी शैलीतील मंदिर'. दुसरा म्हणतो, 'पंती' कर. तिसरा जरा जास्त वाचलेला आहे. तो म्हणतो, दोन्ही खोडा आणि 'भूमिज' लिहा. आता सातवीच्या पोरांना भूमिज कसं समजावायचं? शिवाय गाभारा, अंतराळ, ओवरी, गोमुख यांतलं काय ठेवू, काय गाळू? जाणकारांनी सांगावं.

कोशकिडा

'पंती'च. मूळ नाव हेमाद्री पंडित, लोकांच्या तोंडी हेमाडपंत. देवगिरीच्या महादेवराय आणि रामचंद्रराय या दोन यादव राजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे दप्तराचा मुख्य. 'चतुर्वर्गचिंतामणी' हा त्याचा ग्रंथ. हेमाडपंतला ई लागून हेमाडपंती, जसं होळकरवरून होळकरी. 'पंथी' शिरलं ते नाथपंथी, वारकरीपंथी कानावर बसल्यामुळे. या गृहस्थानं कुठलाही पंथ काढला नाही. उलट महानुभाव पंथाच्या जुन्या वाङ्मयात त्याच्याबद्दल फारसं बरं बोललेलं नाही. १८८३च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही इंग्रजांनी रोमन लिपीत 'पंती' असाच उच्चार उतरवलाय. म्हणजे 'थ' आपणच नंतर चिकटवलाय.

आता तुमच्या तिसऱ्या मित्राकडे वळतो. त्याचं म्हणणं बरोबर आहे. महादेवराय गादीवर आला १२६१ साली. गोंदेश्वर अकराव्या-बाराव्या शतकातलं धरतात. हेमाडपंत जन्मायच्या आधी जे देऊळ उभं होतं ते त्याच्या नावावर कसं चढवणार? अंबरनाथचं शिवमंदिर तर शके ९८२चं, म्हणजे इसवी सन १०६०. त्यालाही लोक बिनदिक्कत हेमाडपंती म्हणतात.

टाकीचे घाव

कोशकिडा, तारखा मान्य. पण शब्द असा उचलून फेकू नका. आम्ही दगडाच्या कामातली माणसं. आमच्याकडे 'हेमाडपंती' म्हणजे चुना न घालता नुसत्या घडीव दगडांवर उभं राहिलेलं बांधकाम. एका दगडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारी खुंटी, आणि वरच्याचं वजन खालच्याला जागेवर दाबून धरतं. कोणी बांधलं, कोणत्या साली बांधलं, याच्याशी आम्हाला देणंघेणं नसतं. 'ही भिंत हेमाडपंती आहे' म्हटलं की पाथरवटाला कळतं, की इथं सांध्यात चुना-सिमेंट भरायचं नाही, दगड दगडावर तासून बसवायचा. एवढ्या कामाचा शब्द आहे तो. शैलीचं नाव म्हणून चुकीचा असेल, पण बांधणीचं नाव म्हणून मराठीत त्याच्याइतका चपखल दुसरा दाखवा.

कोशकिडा

हे पटलं. 'बांधणी हेमाडपंती, शैली भूमिज' असं म्हटलं तर कुणाचीच तक्रार राहू नये.

गंगेवरची

(नाव वाचून हरिद्वारची समजू नका. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. 'गंगेवर जाऊन येते' म्हणजे रामकुंडाकडे.)

भूमिज मुलांना समजावणं अवघड नाही, फक्त पुस्तक मिटवून शिखराकडे बघायला लावा. गोंदेश्वरच्या जोत्यावर चढलं की मुख्य देवळाच्या शिखरावर चार बाजूंना मधोमध एकेक सरळ पट्टी वरपर्यंत गेलेली दिसते. तिला 'लता' म्हणतात. दोन लतांच्या मधली जागा छोट्या छोट्या शिखरांनी भरलेली असते. ही शिखरं एकावर एक रांगांनी रचलेली, खालची मोठी, वर जावं तशी लहान. प्रत्येक आडवी रांग म्हणजे एक 'भूमी'. इथं भूमी म्हणजे जमीन नव्हे, मजला किंवा थर. मुलांना नुसत्या रांगा मोजायला सांगा, बाकी काही सांगावं लागत नाही. मोजता मोजता मान वर जाते आणि नजर आपोआप टोकाच्या चक्रीसारख्या दगडापाशी पोचते. तो आमलक, आवळ्यासारख्या पाकळ्यांचा.

ही पद्धत माळव्यातल्या परमारांच्या मुलखात फुलली. मध्य प्रदेशातलं उदयपूरचं उदयेश्वर हे तिचं गाजलेलं उदाहरण. तिथून खानदेश आणि नाशिक वाटेवरच पडतात. मालेगावजवळ झोडगे इथलं माणकेश्वर पाहिलंत का? हीच जात. माझं मत विचाराल तर गोंदेश्वर भव्य आहे, पण शिखराचं नाजूकपण माणकेश्वरात जास्त. तिकडे कोणी फिरकत नाही, ही वेगळी रड.

सिन्नरफाटा

ताई, 'जोतं' म्हणालात. माहितीपत्रकात मी 'जगती' लिहिलंय. मुलांसाठी कुठलं?

गंगेवरची

जोतं लिहा, कंसात जगती. घराचं जोतं पोरांनी पाहिलेलं असतं. गोंदेश्वरला एकाच जोत्यावर पाच देवळं आहेत. मधे महादेव, चार कोपऱ्यांना विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य. म्हणून ते 'शैव पंचायतन'. 'पंचायत'शी याचा संबंध जोडणारा एखादा चुणचुणीत मुलगा निघेलच. त्याला सांगा, पंचायतीत पाच पंच बसतात, इथं पाच 'आयतनं' म्हणजे पाच स्थानं.

जुनं नाशिक

हा सगळा घोळ फक्त सिन्नरपुरता नाही. आमच्या काळारामालाही फलकांवर, रीलवर, रिक्षावाल्याच्या तोंडी सर्रास 'हेमाडपंथी' म्हणतात. अहो, ते सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलं! यादव जाऊन साडेचारशेहून जास्त वर्षं झाली होती. दगड काळा दिसला की हेमाडपंती, असा हिशेब झालाय. सह्याद्रीत दगड काळाच मिळतो, बिचाऱ्या बांधणाऱ्यानं करावं काय?

फरक डोळ्यांनी ओळखायचा तर कमान बघा. यादवांच्या देवळात खऱ्या अर्थाची कमान नसते. दोन खांब, त्यावर आडवी तुळई, तिच्यावर छत, बस्स. काळारामाच्या प्राकारात, म्हणजे देवळाभोवतीच्या तटबंद आवारात, शिरलात की चहूबाजूंनी महिरपी दिसतात. प्राकाराच्या खांबांची संख्या ९६ सांगतात. शब्दसुद्धा साक्ष देतात बघा. गाभारा, खांब, देऊळ हे संस्कृत-प्राकृताच्या वाटेनं आलेले. कमान, महिरप, दरवाजा, नगारखाना हे फारसी-अरबीकडून. 'महिरप' तर थेट मशिदीतल्या 'मिहराब'वरून आला आणि रामाच्या देवळात जाऊन बसला. पेशवाईतल्या गवंड्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कोशकिडा

या पिढीजात शब्दांची वाट थोडक्यात टाकतो, माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला बसेल. देवकुलचं देऊळ. देवगृहाचा देव्हारा. राजकुलचं राऊळ, म्हणजे मूळचा राजवाडा, पुढे देव हाच राजा मानून देवालय. गर्भागारचा गाभारा. कलशचा कळस.

कळसाची गंमत अशी की शास्त्रात तो फक्त टोकावरचा घडा. पण 'लांबूनच कळसाला हात जोडले' म्हणताना आपल्या मनात अख्खं शिखर असतं. आणि बोलण्यात 'मूर्खपणाचा कळस' चढवतो तेव्हा देवळाचा पत्ताही नसतो. माहितीपत्रकात शिखर आणि कळस वेगळे दाखवा, पण मूल शिखराला कळस म्हणालं तर टोकू नका.

'अंतराळ' मात्र जरूर समजावून सांगा. गाभारा आणि सभामंडप यांच्यामधली चिंचोळी जागा. मुलांना अंतराळ म्हटलं की इस्रो आठवतं.

पांडवलेणीचा शेजारी

ओवरीबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. काळारामाच्या भोवती, त्र्यंबकला, पंढरपूरला, आळंदीला, जिथं तिथं ओवऱ्या असतात. उतरलेले यात्रेकरू, पोथी वाचणारे म्हातारे, उन्हातान्हात टेकलेले भिकारी, सगळ्यांची ती जागा. हा शब्द किती जुना असेल?

पांडवलेण्यांत, म्हणजे त्रिरश्मीच्या डोंगरावर, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात जा. ते नहपान या क्षत्रपाच्या, म्हणजे शक राजाच्या, जावयानं, उषवदातानं कोरवलं. तिथल्या व्हरांड्यातल्या खोलीच्या दारावर ब्राह्मी लेख आहे. नहपानाची मुलगी आणि उषवदाताची बायको दक्षमित्रा हिनं ही खोली दान दिली, एवढंच त्यात आहे. खोलीसाठी वापरलेला शब्द: 'ओवरको'. संस्कृत अपवरक, प्राकृत ओवरक, आपली ओवरी. तो लेख जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. तिथून पंचवटीत उतरा, रामाच्या देवळात जा, आजही एखादी आजी 'मी ओवरीत बसते, तू दर्शन करून ये' म्हणताना सापडेल. बौद्ध भिक्खूंच्या खोलीचा शब्द देवळाच्या आवारात अजून रोजच्या वापरात आहे. 'लेणं' हा शब्दही याच डोंगरावर 'लेण' म्हणून कोरलेला आहे आणि पाण्याच्या टाक्याला 'पोढी'. लेणं टिकलं, ओवरी टिकली. पोढी मात्र आता फक्त अभ्यासकांच्या तोंडी.

सिन्नरफाटा

वा काका! हे माहितीपत्रकात टाकतोच. पण ओवरी आणि ओसरी एकच ना?

पांडवलेणीचा शेजारी

नाही. ओसरी घराची असते, पुढच्या बाजूची, झोपाळा टांगायची. ओवरी देवळाच्या किंवा धर्मशाळेच्या प्राकाराला लागून असते. आपल्याकडे कोणी 'आमच्या वाड्याची ओवरी' म्हटलं तर कानाला खटकेल.

जुनं नाशिक

प्राकार आणि दरवाजे निघालेच आहेत तर एक गोष्ट राहून जायला नको. मुलांना पुढच्या वेळी काळारामाला नेलंत तर दरवाजांपाशी थांबा. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथं मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आघाडीवर होते. मंदिराचे दरवाजे बंद केले गेले आणि सत्याग्रहींच्या तुकड्या चारही दरवाजांवर बसल्या. लढा काही वर्षं चालला. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, ती याच जिल्ह्यात. महाद्वाराची वास्तुशास्त्रातली व्याख्या सांगून पुढे सरकणं मला जमत नाही. नाशकात त्या शब्दाला हा अर्थही आहे.

टाकीचे घाव

बरोबर. आणि ते सांगताना आवाज खाली घेऊ नये.

गंगेवरची

गोमुखाचं राहिलं. गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं ती पन्हळ. शास्त्रात 'प्रणाल'. आपण सरसकट गोमुख म्हणतो, पण यादवकाळच्या देवळांत त्या पन्हळीचं तोंड बहुतेकदा मगरीसारखं, मकराचं असतं. सोंड वर वळलेली, जबडा उघडा. गाय कुठंच नाही! तरी कुणी मकरमुख म्हणत नाही, 'गोमुखाखाली हात धर' असंच म्हणतात. मुलांना आधी विचारा, हा प्राणी कोणता, मग नाव सांगा.

उंबऱ्यावरच्या कीर्तिमुखालाही लोक राक्षस, सिंह, काहीही म्हणतात. शिवाच्या आज्ञेवरून स्वतःचंच अंग खात गेलेला आणि शेवटी तोंडच उरलेला तो गण. ही गोष्ट पोरांना फार आवडते, अनुभव आहे. बाकी काही नाही तर निदान उंबऱ्यावर पाय न देण्याचं कारण म्हणून तरी लक्षात ठेवतात.

कोशकिडा

अवांतर: देवळाला देवाच्या नावानं हाक मारायची की बांधणाऱ्याच्या? गोदाकाठचं नारोशंकराचं देऊळ आहे खरं रामेश्वराचं, महादेवाचं. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ साली बांधलं. देवाचं नाव कागदावर राहिलं, बांधणाऱ्याचं लोकांच्या तोंडी. 'नारोशंकर' हा शंकराचाच एखादा अवतार समजणारे भाविक मी पाहिलेत.

जुनं नाशिक

त्याला कारण घंटा. देवाचं नाव माहीत नसलेल्यालाही नारोशंकराची घंटा माहीत असते. तटाच्या दारावर टांगलेली, अंगावर १७२१ हे साल. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांना हरवलं, त्या लुटीतली ही चर्चची घंटा असं सांगतात. पूर आला की गंगेचं पाणी कुठवर चढलं हे आधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगायचं: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याला लागलं. मारुती बुडाला की मग घंटेकडे बघायचं. पाटबंधारे खात्याचे आकडे टीव्हीवर येतात, तरी पावसाळ्यात फोन आला की पहिला प्रश्न 'मारुती किती बुडाला' हाच असतो.

सिन्नरफाटा

सगळ्यांचे आभार. पहिली ओळ अशी करतोय: 'गोंदेश्वर: यादवकालीन, भूमिज शिखराचं शैव पंचायतन, बांधणी हेमाडपंती'. छापखान्यात उद्या देतो.

टाकीचे घाव

प्रूफ स्वतः वाचा. छापखान्यातला मुलगा 'पंती'चं 'पंथी' करणार, आणि वर म्हणणार, 'सर, तुमची चूक दुरुस्त केली'.