जुन्या दगडी कॉलेजात व्हीलचेअरचा विद्यार्थी: रॅम्प, बाक, परीक्षा… काय काय लागेल?

कडकभाकरी
सोलापुरातल्या एका अनुदानित कॉलेजच्या कार्यालयातून विचारतोय. बी.कॉम. पहिल्या वर्षाला दोन प्रवेश झालेत. एक मुलगा व्हीलचेअरवर असतो, हातांचाही त्रास असल्यामुळे सलग लिहिता येत नाही. दुसऱ्या मुलीला खूप कमी दिसतं. इमारत जुनी, दगडी, एक मजली. मुख्य दाराला तीन पायऱ्या, मोजल्या तर एकूण ४५० मिमी. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो आठ फुटांचा रॅम्प बास होतो, ग्रॅनाइट लावून चकाचक करून देतो. प्राचार्यांनी खर्चाला होकार दिलाय. एकदाच नीट व्हावं म्हणून विचारतो: रॅम्प सोडून आणखी काय बघायचं? आणि परीक्षेचं काय?

शहाबादी
आठ फूट अजिबात बास होत नाही. प्रमाण १:१२, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. तुमच्या ४५० मिमीला ५.४ मीटर, साधारण १८ फूट. आठ फुटांत उतार १:५.४ पडतो. त्यावर चढताना खुर्ची मागे कलंडते आणि उतरताना हातानं चाकं आवरत नाहीत. जागा असेल तर १:१५ करा, म्हणजे पावणेसात मीटर.

वर आणि खाली दीड बाय दीड मीटरची सपाट जागा हवी. दारातच उतार संपवला तर एका हातानं चाक धरून दुसऱ्या हातानं दार उघडावं लागतं. रुंदी निव्वळ १२०० मिमी, म्हणजे रेलिंग वजा करून. गवंडी भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजतात आणि इथेच चार इंच जातात. रेलिंग दोन्ही बाजूंना, दोन उंचीवर: वरचं ९०० मिमी, खालचं ७०० ते ७६०. उताराच्या दोन्ही टोकांपुढे ३०० मिमी वाढवा. पाइप मुठीत मावेल असा, ३८ ते ४५ मिमीचा. उघड्या बाजूला चाक खाली घसरू नये म्हणून कड उचलून घ्या.

ग्रॅनाइट नकोच. पहिल्या पावसात सगळे घसरतील, चालणारेसुद्धा. काँक्रीट ओलं असताना खराट्यानं आडव्या रेघा ओढा, नाहीतर न घासलेली शहाबादी बसवा आणि सांधे भरून सपाट करा. स्टीलचं रेलिंग दक्षिणेच्या उन्हात असेल तर आपल्याकडच्या एप्रिलमध्ये त्याला हात लावता येत नाही, वर पत्र्याचं छप्पर टाका. रॅम्पच्या पायथ्याशी गटाराची जाळी असेल तर तिच्या फटी १२ मिमीपेक्षा मोठ्या नकोत, पुढची छोटी चाकं अडकतात.

भुईकोट
रॅम्पवर सगळे बोलतात, दारावर कुणी नाही. जुन्या कॉलेजात सागवानी दोन झडपांची दारं असतात आणि रोज एकच झडप उघडी ठेवतात. त्यातून जेमतेम दीड-दोन फूट जागा मिळते, लागते ९०० मिमी. दुसऱ्या झडपेची कडी वर आणि खाली असते, बसलेल्या माणसाचा हात तिथे पोचत नाही. म्हणून ती झडप सकाळीच उघडून ठेवायचं काम शिपायाकडे द्या.

मग उंबरा. १२ मिमीपेक्षा जास्त असेल तर काढा. काढायला कुणी तयार नसेल तर दोन्ही बाजूंनी उतार द्या. ४० मिमीच्या उंबऱ्याला एका बाजूला ४८० मिमी. चॅनेल गेटचा खालचा रूळ हा तसलाच, पण कुणाला दिसत नाही. तो फरशीत खाचून बसवता येतो.

वर्गात बाक आणि डेस्क जोडलेले असतात, त्यात खुर्ची शिरत नाही. एक सुटं टेबल घ्या, खाली गुडघ्यांना ७०० मिमी मोकळी उंची राहील असं. ते शेवटच्या रांगेत, दाराजवळ ठेवू नका. त्याच्या मित्रांच्या शेजारी ठेवा.

त्या तुकडीचे सगळे तास तळमजल्यावर घेता येतात, त्याला एक रुपया लागत नाही. वेळापत्रक बदलायला शिक्षक कुरकुरतील. कुरकुरू द्या.

स्वच्छतागृह: आतली जागा २००० बाय २२०० मिमी, दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, कमोडची बैठक ४५० ते ४८० मिमी उंच. एका बाजूला ९०० मिमी मोकळं, खुर्ची शेजारी लावून सरकायला. आडव्या दांड्या भिंतीत पक्क्या बसवा, प्लॅस्टिकच्या गुट्ट्यांवर पूर्ण वजन टिकत नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून टाकीची जोडणी वेगळी घ्या. बादली उचलून ओतणं त्याला जमणार नाही. आणि हे स्वच्छतागृह झाडू-फिनाइलचं गोदाम होऊ देऊ नका. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) फोटोपुरतं बांधलेलं आणि किल्ली कार्यालयात ठेवलेलं स्वच्छतागृह असून नसल्यासारखं.

शेंगाचटणी
परीक्षेबद्दल. युडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आणि ‘लिहिता येत नाही’ हा दाखला हे दोन वेगळे कागद आहेत, आणि घोळ इथेच होतो. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत अंध, दोन्ही हात बाधित आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना मागितल्यावर लेखनिक (परीक्षार्थी सांगेल ते लिहून देणारा) मिळावा अशी तरतूद होती. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या बाकी विद्यार्थ्यांना लिहिण्यात अडचण असल्याचा शासकीय रुग्णालयाचा दाखला लागेल, असं त्यात होतं. सिव्हिलला जाण्याआधी तपासणीचा वार विचारून घ्या आणि ठरलेला नमुना छापून न्या. ४० टक्क्यांखाली असेल तरी वाट बंद नाही. विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तसं स्पष्ट केलं आणि २०२२ मध्ये त्यासाठी वेगळ्या सूचना निघाल्या.

जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं. दोन तासांच्या पेपरला ४०, तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. चुकतं कुठे? सकाळचा पेपर लांबतो आणि त्याच खोलीत दुपारच्या सत्राची मुलं येऊन उभी राहतात. खोली वेगळी घ्या. बदली पर्यवेक्षकालाही लेखी पत्र द्या, नाहीतर नेहमीची घंटा झाली की तो उत्तरपत्रिका ओढून घेतो.

अकाउंट्सचा लेखनिक जपून निवडा. त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली, अशी अट २०१८ च्या सूचनांत होती, पण कलाशाखेच्या मुलाला खातेवहीचा नमुना माहीत नसतो. नावे-जमा कुठे, ‘तारीख’चा रकाना कुठे हे सांगण्यातच अर्धा तास जातो. कॉमर्सचाच घ्या आणि रकान्यांना आधीच आकडे देऊन सराव करून घ्या: ‘तीन नंबरमध्ये पाच हजार’. भाषेच्या पेपरला वेगळा लेखनिक घेता येतो. विद्यापीठाचं चालू वर्षाचं परिपत्रक बघूनच अर्ज करा आणि तो परीक्षा फॉर्मबरोबरच द्या, हॉल तिकीट आल्यावर नाही. अंतर्गत चाचण्यांनाही हीच सोय द्या. मुख्य परीक्षेत पहिल्यांदाच लेखनिक मिळाला तर मुलगा गोंधळतो.

चादरवाला
त्या मुलीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. प्रश्नपत्रिका झेरॉक्सवर ए-फोरची ए-थ्री केली की १२ चा टाइप १७ होतो, पण कागद बाकावर मावत नाही आणि तिला मान फिरवत वाचावं लागतं. ए-फोरवरच १८ ते २० पॉइंटमध्ये नव्यानं छापा.

नोट्सचा मोठा अडथळा म्हणजे फॉन्ट. मराठी नोट्स श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या असतात, त्या संगणकाच्या लेखी मराठी नसतातच. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) त्या वाचायला लागला की इंग्रजी अक्षरांची भेळ ऐकू येते. युनिकोडमध्ये बदलून द्या; बदलल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, तिथे हमखास चुका राहतात. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो. गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की मजकूर मिळतो, पण तक्ते मोडतात, आकडे हातानं जुळवा. आणि पायऱ्यांच्या कडेला पिवळा पट्टा मारा. शहाबादीवर शहाबादीचीच पायरी तिला दिसतच नाही.

कडकभाकरी
सगळ्यांचे आभार. अडचण एकच: मुख्य दारासमोर सरळ १२ फूटच मिळतात, पुढे दुचाकींचं पार्किंग.

शहाबादी
मग भिंतीला समांतर घेऊन मधे वळवा: २.७ मीटर चढ, दीड मीटर सपाट, परत २.७ मीटर. पण त्याआधी वऱ्हांड्याभोवती टेप घेऊन फिरा. जमीन कुठेतरी चढती असतेच, तिथे जोतं (जमिनीपासून फरशीची उंची) कमी उरतं. आणि पार्किंगची पांढरी रेघ रॅम्पच्या पायथ्यापासून दीड मीटर मागे घ्या.

कडकभाकरी
मोजलं. ग्रंथालयाच्या बाजूला जोतं फक्त १९० मिमी आहे! तिथलं दार बंद असतं, आत जुनी कपाटं.

शहाबादी
१९० ला २.२८ मीटर, साडेसात फूट. कॉन्ट्रॅक्टरचे आठ फूट तिथे चालतात. कपाटं हलवा आणि दाराची निव्वळ रुंदी मोजून इथे टाका.

भुईकोट
ते दार रोज सकाळी कोण उघडणार, त्याचं नाव शिपायांच्या ड्यूटी-पत्रकात लिहा. तो रजेवर असेल तर कोण, तेही.