लोटस नोट्स या ईमेल प्रोग्राममधील संग्रहित मेल दिसेनासे झाले आहेत

प्रश्न: आमच्या एका सहकारी बाईंचा संगणक बदलल्यापासून त्यांचे २०१९ पूर्वीचे संग्रहित मेल दिसत नाहीत. मुख्य मेल फाइल व्यवस्थित उघडते, परंतु सर्व्हरच्या बॅकअपमध्येही जुने मेल सापडले नाहीत. ते कोठे शोधावेत?

उत्तर १: संग्रह 'लोकल' म्हणजे स्वतःच्या संगणकावर ठेवलेला असल्यास ते मेल सर्व्हरवर नसतातच, ते जुन्या संगणकावर, नोट्सच्या डेटा फोल्डरमधील 'आर्काइव्ह' या उपफोल्डरात, बहुधा 'ए_' ने सुरू होणाऱ्या एनएसएफ फाइलमध्ये (नोट्सच्या डेटाबेस फाइलमध्ये) असतात. कृपया ती डिस्क कोणालाही पुसू देऊ नका. नोट्स बंद करून फाइलची प्रत घ्या.

उत्तर २: फाइल एन्क्रिप्ट केलेली असेल, तर बाईंच्या आयडी फाइलशिवाय (नोट्समधील त्यांची ओळख व किल्ली ठेवणाऱ्या फाइलशिवाय) ती उघडणार नाही. ती खराब निघाल्यास फिक्सअप हा नोट्सचा दुरुस्ती प्रोग्राम नेहमी प्रतीवरच चालवा, कारण दुरुस्त न होणारे दस्तऐवज तो काढून टाकतो. 'उणे एन' (-N) हा पर्याय दिल्यास ते राहतात.

प्रश्नकर्ता: जुनी डिस्क सुदैवाने कपाटातच होती. फाइल सापडली, प्रत उघडली आणि सर्व मेल दिसले. दोघांचेही मनापासून आभार.